आप्पांनी नातीला पोहायला शिकवलं

शिरूरच्या बाजारपेठेत एका बोळात आप्पांचं शिलाईचं दुकान होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथं गणवेशांचा एवढा ढीग पडायचा की मशीनमागं बसलेले आप्पा दिसायचे नाहीत. पण माझ्या वडिलांना गाव ओळखायचं ते पोहणारा माणूस म्हणून. उन्हाळ्यात दुकान उघडायच्या आधी ते घोडनदीच्या डोहावर जायचे आणि गल्लीतली सगळी पोरं त्यांच्यामागं निघायची. पाठीला रिकामा डबा बांधायचा, पोटाखाली हात धरायचा आणि गप्पा मारता मारता हात हळूच काढून घ्यायचा, अशी त्यांची रीत. माझा धाकटा भाऊ शाळेत जायच्या आधीच तरंगायला लागला होता. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचे.

एकदा मी हट्ट धरला, मलाही शिकायचं. आप्पा तयार झाले होते. आजी चुलीपुढून म्हणाली, "पोरीची जात हाय. उद्या दुकानात येऊन लोक तोंडावर बोलतील, तवा काय सांगशील?" आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी न्हातीधुती झाले आणि तो विषयच संपला.

नव्वदच्या सुमारास माझं लग्न झालं. मी दौंडला आले. नवरा रेल्वेत. शिरूर तसं लांब नाही, पण चौफुल्याला एसटी बदलावी लागे. तरी दुकान बंद असेल त्या दिवशी आप्पा हटकून यायचे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा जुना रिवाज ते पाळायचे. स्वतःची बाटली घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे, माझं बोलणं ऐकायचे आणि परतीची गाडी धरायचे. भर उन्हातसुद्धा माझ्या हातचा चहा घेतला नाही. मुलगी झाली तेव्हा बाळाला बघायच्या आधी त्यांनी माझ्या सासूबाईंकडं तांब्याभर पाणी मागितलं. घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "आता आपलं घर झालं."

नात सात-आठ वर्षांची झाल्यावर एका मे महिन्यात आप्पा कापडाची पिशवी घेऊन आले. भांडगावला माझ्या दिरांचं शेत होतं, सुट्टीत आम्ही तिथंच असायचो. पिशवीतून त्यांनी पोहायचा पोशाख काढला. त्यांनी तो स्वतःच शिवला होता. तालुक्याच्या गावात मुलींचा असा पोशाख कुठं मिळायचा? बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत, गळ्याला वर निळी पट्टी.

माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "आप्पा, पोरीच्या जातीला कशाला हे?"

आप्पांनी शांतपणे सांगितलं, "तिच्या आईच्या वेळंला मी हेच ऐकलं. आता न्हाई ऐकायचा."

दिरांची विहीर बांधीव होती, उतरायला पायऱ्या होत्या. पहिल्याच उडीत त्या पोशाखात पाणी शिरलं आणि पोरगी फुग्यासारखी टरारली. आप्पांना एवढं हसू आलं की त्यांनाच ठसका लागला. दुसऱ्या दिवशी भांडगावातल्या एका शिंप्याच्या मशीनवर बसून त्यांनी सगळ्या शिवणी आत घेतल्या.

"आबा, सोडू नका हां," नात म्हणाली. आप्पांना ती आबा म्हणायची.

"धरलंय की. तू शाळंतली कविता म्हण."

ती कविता म्हणत राहिली आणि आप्पा दोन हात लांब जाऊन उभे राहिले. तिला कळलं तेव्हा ती पलीकडच्या पायरीला लागली होती.

त्या दुपारी आम्ही दोघंच विहिरीच्या काठावर आंब्याच्या सावलीत बसलो होतो. आप्पा टॉवेलनं कान कोरडे करत म्हणाले, "साऱ्या गावाची पोरं शिकवली मी. घरचीच राहिली."

"जाऊ द्या आप्पा. त्याला आता किती वर्षं झाली."

"लोकं काय म्हणतील म्हणून भ्यालो. लोकं तर आजबी म्हणत्यातच." मग म्हणाले, "अजून काय बिघडलंय? उद्या सकाळी लवकर उतर. पंजाबी ड्रेस घाल. कुणी नसतंय तवा."

मी हसले. घरात दीर होते, चुलत सासरे होते. "पुढच्या मेमध्ये नक्की," मी म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले.

पुढच्या मेमध्ये विहिरीत जेमतेम प्यायपुरतं पाणी होतं, त्याच्या पुढच्या वर्षी तळ दिसला आणि वस्तीवर टँकर यायला लागला. विहीर पुन्हा भरायच्या आधीच आप्पांना दुकानात झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. भावानं त्यांची खूप सेवा केली. मी दर आठवड्याला जायचे. माझ्या मुलीनं शाळेकडून पुण्यात स्पर्धेत भाग घेतला होता, ते मी त्यांना कानाशी बसून सांगितलं. नंबर आला नाही, पण शेवटपर्यंत पोहली. ते अर्ध्या तोंडानं हसले. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि रडायला लागले. काहीतरी म्हणायचं होतं, शब्द फुटेना. भाऊ म्हणाला, "या आजारात माणूस उगीच रडतं गं." असेलही. मला तसं वाटलं नाही. 'तुम्ही मला काही कमी पडू दिलं नाही' एवढंच मला सांगायचं होतं, पण त्यांना आणखी भरून येईल म्हणून मी फक्त त्यांचे डोळे पुसले. दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

दहाव्याला ओसरीवर माणसांना जागा पुरेना. पिकल्या केसांची, पोटं सुटलेली माणसं, कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणी एसटीत कंडक्टर, आणि प्रत्येकजण आपली डोहातली पहिली उडी सांगत होता. मी आत बायकांमध्ये चहा गाळत ऐकत होते. मध्येच ओसरीवर एकानं विचारलं, "आन् तू कुणाची गं?"

माझी मुलगी त्यांच्यात जाऊन बसली होती, ते तेव्हा मला कळलं.

"मी दौंडची. मलापण आबांनीच शिकवलं," ती म्हणाली.

"बस की मग," तो माणूस म्हणाला, "सांग, कसं शिकवलं."

ती सांगायला लागली. मी चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि दाराआड उभी राहिले. तिचं बोलून होईपर्यंत आत कुणीतरी दोनदा चहाला हाक मारली. मला जावंसं वाटलं नाही.