खिडकीतला पेला

संघमित्राच्या पेढ्यांची आठवण निघाली की पार्ल्याच्या इंदूताई शरमेनं खाली बघत.

बौद्ध वस्तीतल्या मुलांना त्या घरी फुकट गणित शिकवत, वह्या-पुस्तकंही देत. उपकाराची हौस भारी! पण त्या मुलांच्या पाण्याचा पेला वेगळा, खिडकीत ठेवलेला. आईच्या वेळची सवय, म्हणे!

पंच्याऐंशी साली संघमित्रा दहावीला शाळेत पहिली आली आणि पेढे घेऊन धावतच आली. इंदूताईंनी कौतुकानं हात पुढे केला. पोरीनं मात्र पुडा खिडकीत, त्या पेल्याशेजारी ठेवला आणि मागे सरून हसत म्हणाली, "घ्या ना बाई."

इंदूताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणिताइतकंच हेही पोरीला त्यांनीच पक्कं शिकवलं होतं.