कोणीही न सांगितलेल्या वारसाबाबत

तक्रारदार : मी स्वतः, अर्जनवीस, शिक्षण नववी, अनुभव सव्वीस वर्षे. ठिकाण : सांगली जिल्ह्यातील एका तालुका कचेरीच्या फाटकाबाहेरील माझे टेबल. वार मंगळवार, वेळ सकाळी साडेअकरा. साक्षीदार : चंपाबाई आक्का, म्हणजे अर्जदार विधवा, त्यांचा थोरला मुलगा महावीर, आणि शेजारच्या टेबलावरील लॅपटॉपवाला प्रशांत — जो आता साक्ष फिरवीत आहे.

भूत, करणी, उतारा... असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी थारा दिलेला नाही. मी कागद मानतो. म्हणूनच पुढील हकिकत लिहिताना माझा संताप आवरत नाही.

आक्कांचे यजमान वारले होते. शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढवायची होती. प्रशांतने एआयला सांगितले — पत्नी व दोन मुलगे. दोन मिनिटांत प्रिंट बाहेर. तळाशी छापलेले : ‘अर्ज वाचून दाखविला, मजकूर मान्य.’ आणि आक्कांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकलेलासुद्धा!

"वाचून दाखवलास का?" मी ओरडलो.

"काका, टाईम कुनाकडं हाय? एआय चुकत न्हाई."

आमच्या धंद्यात ती शेवटची ओळ म्हणजे शपथ. मी कागद हिसकावला आणि मोठ्याने वाचू लागलो. पत्नी चंपाबाई... मुलगा महावीर... मुलगा अजित... ‘मुलगी राजमती, राहणार पाटण, जिल्हा सातारा.’

आक्कांनी पॅडवरचा अंगठा उचलला. "भाऊ, ह्ये नाव ह्याला कुनी सांगितलं? बारा वर्सं झाली, आमच्या घरात कुनी ह्ये नाव घेतलं न्हाई..."

लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केले; बापाने तिचे नाव टाकले. रेशनकार्डावरूनही ते कमी केले. ती कोठे असते, हे आईलाही ठाऊक नव्हते.

मी स्क्रीन तपासली. प्रशांतने दिलेला मजकूर तसाच होता. त्यात मुलगी नव्हती.

"त्ये कदीकदी मनानंच नावं घालतंय, काका. एक बटन दाबायचं. काढतो की!"

"आत्ता तर ते चुकत नव्हते ना रे? अंगठा घेत होतास तेव्हा जबाबदार कोण होते — तू की तुझे बटण?"

"आई, काढाय सांग त्ये," महावीर म्हणाला. "वाटनी मागाय यील ती."

"यिऊ दे की! त्या निमतानं यील तरी." आक्कांनी त्याच कागदावर अंगठा उमटवला.

शनिवारी मी स्वखर्चाने पाटण गाठले, नाव विचारीत फिरलो. स्टँडमागे शिलाईच्या एका दुकानात राजमती भेटली. वडील गेल्याचे ऐकून तिने मशीनचे चाक हाताने थांबवले. मग एवढेच विचारले, "आई जेवती का वेळेवर?" घर सोडल्यापासून तिचे माहेरी पत्र नाही की फोन नाही. मी तिचे आधारकार्ड डोळ्यांनी पाहिले.

परत येतो तो काय... अर्ज कचेरीतून माघारी! शेरा : ‘मुलीचे नाव यंत्रदोषाने समाविष्ट. दुरुस्त करून सादर करावे.’ सोबत प्रशांतचा लेखी जबाब, महावीरने मिळवलेला, की एआय खोटी नावे बनवते.

मी कारकुनास सांगितले, "बाई जिवंत आहे. मी तिला भेटून आलोय."

"आवं, त्यानं लिहून दिलंय न्हवं? मशीनची चूक हाय ती. उगं डोकं खाऊ नका."

त्या यंत्राला राजमतीचे नाव आणि गाव कोठून मिळाले, याचे स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. ते न उलगडल्यास माझी हरकत नाही. परंतु हे वाचणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्यांस विनंती की, जिवंत लेक ही यंत्राची चूक कशी ठरते, आणि तसे ठरविण्यापूर्वी तिला जन्म देणाऱ्या आईस कोणी एका शब्दाने तरी का विचारले नाही, याचे लेखी उत्तर मिळावे. खाली माणसाची सही असावी.