मंगळवारची मोजणी

मी निघाले त्या दिवशी आईने रस्ता थांबवला होता. धारवाडहून अळणावरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला आमचं गाव आणि दुसऱ्या अंगाला सगळ्यांची शेतं. त्यामुळे हात वर करून ट्रक थांबवणं ही आमच्याकडच्या बायकांची रोजची सवय. हुबळीच्या विमानतळाला नेणारी गाडी पलीकडे उभी होती. आईच्या डोक्यावर माझी बॅग, एक हात बॅगेला आणि दुसरा ट्रकवाल्याला. मागून अप्पा "सावकाश, सावकाश" म्हणत होते, ते तिला, मला की ट्रकवाल्याला कोण जाणे. गाडीत बसल्यावर आई खिडकीशी वाकून म्हणाली, "शिक आणि आमचा हा रस्ता तेवढा नीट कर बाई." सगळे हसले, मीही हसले.

आता अमेरिकेतल्या एका सपाट, वाऱ्याच्या राज्यात मी वाहतूक अभियांत्रिकीत पीएचडी करते. हे चौथं वर्ष. माझ्या सीव्हीत 'आउटरीच' म्हणजे लोकांपर्यंत पोचण्याच्या कामाचं अख्खं पान आहे. विद्यार्थ्यांच्या वाहतूक संघटनेत मी आउटरीचची प्रमुख. दर सेमिस्टरला आम्ही प्राथमिक शाळांत जातो, जिमच्या फरशीवर पांढऱ्या टेपचे पट्टे चिकटवतो, एका पोराच्या हातात पुठ्ठ्याचं स्टिअरिंग देतो आणि बाकीच्यांना रस्ता ओलांडायला शिकवतो. आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मुलं मला रंगीत कार्डं पाठवतात. कॉन्फरन्समध्ये मी ब्लेझर घालून पोस्टरजवळ उभी राहते आणि कॉफीचा कप घेऊन थांबेल त्याला दोन मिनिटांत सांगते, की चालणारा माणूस रस्त्याच्या आराखड्यात आधी यायला हवा. हे मी फार छान सांगते. सगळे म्हणतात.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत, जूनमध्ये, मी फील्डवर्कसाठी गावी आले. आमचा रस्ता रुंद होणार होता, मध्ये दुभाजक येणार होता. ज्या गावाजवळ जास्त माणसं रस्ता ओलांडतात, तिथे दुभाजकात मोकळी जागा सोडून पट्टे मारायचे असं ठरलं होतं. ही माणसं मोजायचं काम एका सल्लागार कंपनीकडे होतं, आणि माझ्या प्रोफेसरांच्या ओळखीने त्यातली काही गावं माझ्याकडे आली. आमचं गाव मी मागून घेतलं. प्रोफेसर खूश झाले. आपल्याच माणसांसाठी काम करणारी विद्यार्थिनी, प्रपोजलमध्ये हे वाक्य शोभून दिसतं.

आमच्या पुस्तकातला नियम सोपा आहे. मोजणी साध्या दिवशी करा. शनिवार-रविवार नको, सणवार नको, आठवड्याचा मधला दिवस उत्तम. आमच्या गावाच्या वाट्याला मंगळवार आला. बुधवारीही मोजायचं मनात होतं, पण धारवाडात सप्तापूरच्या एका शाळेने रस्ता सुरक्षेवर बोलायला बोलावलं. हार, शाल, फलकावर खडूने माझं नाव आणि शेवटी सगळ्या मुलांबरोबर फोटो. तो फोटो आमच्या संघटनेच्या अंकात यायला हवा होता. मी बुधवार सोडला.

मंगळवारी सकाळी सहाला मी रस्त्याकडेला जाऊन बसले. चहाची टपरी बंद होती. बरंच झालं, तिच्या फळीवर बसायला मिळालं. हातात आकडा मोजायचं यंत्र, माणूस ओलांडला की बटण दाबायचं. माणसं येईनात. एक मास्तर आले, पोस्टमन आला, दोन परगावचे पाव्हणे गेले. दहाच्या सुमाराला आई भाकरी आणि झुणका घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"काय मोजतीस गं?"

"माणसं. रस्ता ओलांडणारी."

"आज?"

"आई, मध्ये बोलू नको. आकडा चुकतो."

माझं खाऊन झाल्यावर ती डबा उचलून घरी गेली. त्या दिवशी ती शेतात गेली नाही. मला वाटलं, मी आलेय म्हणून आई घरी राहिली. इतकं बरं वाटलं मला.

आमच्या भागातल्या माणसाला एव्हाना कळलं असेल. इतरांसाठी सांगते. पेरणीच्या दिवसांत ग्रामदेवतेचे पाच मंगळवार आमच्याकडे पाळतात. त्याला नुसतं 'वार' म्हणतात. मराठी घर असो की कन्नड, त्या दिवशी कोणी शेतात पाऊल टाकत नाही, औत जुंपत नाही, दळणकांडण नाही. लहानपणी मी या मंगळवारांची वाट बघायची, कारण आई दिवसभर हाती लागायची. पुढे कॉलेजसाठी धारवाडला खोली, इंजिनिअरिंगला हुबळीचं हॉस्टेल, आणि मग हे. पण विसरले होते असं म्हणून मला सुटता येत नाही. कोणी विचारलं असतं तर वार म्हणजे काय ते मी घडाघडा सांगितलं असतं. फक्त पुस्तकातला मंगळवार आणि आमचा मंगळवार एकाच दिवशी येतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मोजणीचा तक्ता कंपनीकडे गेला. अहवाल झाला. त्याच आकड्यांवर माझा पेपर झाला आणि समाजाशी नातं जोडणाऱ्या संशोधनाबद्दल एक छोटं बक्षीसही मिळालं. काचेचं आहे, टेबलावर ठेवता येतं.

पुढच्या वर्षी अक्काचा फोन आला. माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. म्हणाली, "दुभाजक झाला बग. आपल्याकडं वाट सोडलीच न्हाई. पार पुढच्या फाट्याला जायाचं, तिथनं पलीकडं व्हायचं आणि तेवढंच माघारी यायचं शेताला. कोण मोजून गेलं म्हणं, हितं माणसंच न्हाईत म्हणं."

मी आईला फोन द्यायला सांगितलं. आईला सगळं कळलेलं होतं. "त्या दिवशी वार होता गं," ती म्हणाली. "मी इचारणार हुते. पर म्हटलं तुला ठावं असंल, शिकलेली तू." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

मी प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, मोजणी एकाच दिवसाची आहे हे आपण पेपरात मर्यादा म्हणून लिहिलंय, तेव्हा काळजी नको. वर म्हणाले, हा अनुभव फार मोलाचा आहे, पुढच्या भाषणात सांग. मी रस्त्याचं काम बघणाऱ्या तिकडच्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक माझी, दिवस चुकीचा, कृपा करून पुन्हा मोजा, असं साफ लिहून खाली सही केली. उत्तर आलं. दुभाजक अभ्यासानुसारच आहे, बदल हवा असल्यास मान्यताप्राप्त संस्थेचा नवा अभ्यास जोडावा. सोबत जुन्या अभ्यासाची प्रत होती, म्हणजे माझीच. तो पेपर अजून माझ्या सीव्हीत आहे. तो काढून टाकला तर पीएचडीचं एक प्रकरण जातं, आणि एवढं धाडस मला अजून झालेलं नाही. चूक कबूल केली म्हणून मला चांगलं समजू नका.

गेल्या डिसेंबरात गावी गेले. बायकांनी दुभाजकाच्या दोन्ही अंगांना दगड रचलेत. त्यावर पाय देऊन तरण्या पोरी पलीकडे उतरतात, विळा कमरेला आणि डोळे ट्रककडे. आईचा गुडघा तेवढा उचलत नाही, आणि फाट्यापर्यंत चालणं झेपत नाही. तिने शेत वाट्याने देऊन टाकलं. जन्मभर वर्षातले पाच दिवस घरी बसणारी बाई आता सातही वार घरी असते. मी होते तेवढे दिवस ती सारखी माझ्यासमोर होती. लहानपणी हवी होती तशी. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी रस्त्यापर्यंत गेलो. दगडांपाशी शेजारची गंगक्का आणि चारपाच बायका जनावरांच्या वैरणीचे भारे अलीकडे घेत होत्या. एक वर चढून भारा देत होती, दुसरी खालून झेलत होती.

"यावाग बंदी?" कधी आलीस म्हणून गंगक्काने कन्नडात विचारलं आणि लगेच मराठीवर आली. "सुनंदा, तू रस्त्याचंच शिकतीस की गं. तुझं ऐकतील. कुणी मोजलं हे, जरा इचार की त्यास्नी. देव बरं करणार न्हाई त्याचं."

बायका थांबून माझ्याकडे बघत होत्या. सांगावं असं मनात आलं होतं, हे खरं आहे. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आईने माझा दंड धरला.

"तिला काय इचारतीस गंगक्का," ती म्हणाली. "ती परदेशातली. तिला हितलं काय ठावं?"

"तेबी खरंच," गंगक्का म्हणाली आणि भारा उचलायला वळली.

मीही वळले. परत येताना आई माझा हात धरून सावकाश चालत होती आणि अक्काच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत होती. माझी अब्रू राखायची तर मला परकं करावं लागतं, हे तिला कधीच उमगलं होतं.

इथे आल्यावर लोक विचारतात, घरी कसं काय? मी म्हणते, सगळं ठीक. घर म्हणजे जिथे आपल्याला सगळे ओळखतात ती जागा, असं मी पूर्वी म्हणायची. आता माझं घर म्हणजे ते एक गाव, जिथे मला पुरतं ओळखणारी बाई एकच आहे आणि ती कोणाला सांगत नाही. परतीच्या विमानात मी स्वतःला समजावत होते, की आई माझ्यासाठी खोटं बोलली. मग तिचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. ती परदेशातली, तिला इथलं काय ठाऊक. त्यात खोटं काहीच नव्हतं.