बारा दिवस चालणारा संगणक

शेवगावपासून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात सुकन्या राहते. वय बत्तीस, शिक्षण बी.ए., आणि गेली दोन वर्षे ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास. गावच्या वाचनालयातील ग्रंथपालाची जागा या पदविकेपायी अडून राहिली होती. अंतिम परीक्षा घरूनच, संगणकासमोर बसून द्यायची होती. कॅमेरा सतत सुरू हवा, खोलीत दुसरे कोणी नको. आणि संगणक तीन मिनिटांहून अधिक काळ बंद राहिला, तर उत्तरपत्रिका कायमची मिटणार.

तिचा संगणक मात्र डिसेंबरपासून मधूनच हँग होत होता. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे, कळफलक दाद देत नसे. कधी टंकलेखन चालू असताना, कधी नुसतेच एखादे पान वाचत असताना.

त्रास झाला की त्याची तारीख लिहून ठेवायची, हा सुकन्याचा स्वभाव. पाठकोऱ्या कागदांच्या वहीत तिने प्रत्येक वेळ टिपली: काय उघडे होते, वीज कशी होती, किती वाजले होते. इन्व्हर्टरवर चालवून पाहिले, माउस बदलला. वहीतून कसलीच संगती लागेना. दोनदा तिने यंत्र एसटीतून शेवगावला अमृतच्या दुकानात नेले. दोन्ही वेळा त्याने फॉरमॅट मारून दिले. पहिल्या वेळी त्यात तिची वर्षभराची टिपणे गेली. दोन्ही वेळा संगणक बारा दिवस उत्तम चालला आणि पुन्हा अडला.

परीक्षेला चार दिवस उरले असताना ती तिसऱ्यांदा दुकानात गेली.

"व्हायरस असणार, ताई," अमृत म्हणाला.

"नेट बंद होतं तेव्हाही अडला."

"मग म्हातारा झालाय. नवीन घ्या."

या वेळी ती यंत्र ठेवून परतली नाही. स्टुलावर बसून तिने वही उघडली. "मागच्या दोन्ही वेळी काय काय केलंस, क्रमाने सांग."

"फॉरमॅट."

"त्याच्या आधी?"

"आधी काय... खोललं, ब्लोअरनं आत हवा मारली. मग फॉरमॅट."

"हवा मारलीस? पावतीवर नाही ते."

"मधे चहा पिलो, तेपण पावतीवर लिहू का?"

"हवेनं निघालं काय?"

"कापूस. एवढा, की दिव्याच्या वाती झाल्या असत्या. तुमच्या बाजूच्या सगळ्याच सीपीयूच्या डब्यांत निघतो."

सुकन्याचे पेन थांबले. तिच्या घरी संगणकाची खोली तीच कापसाची खोली होती. वेचलेला कापूस चांगल्या बाजारभावाची वाट पाहत छतापर्यंत रचलेला, ओल लागू नये म्हणून खिडकी बंद. हवेतले बारीक तंतू यंत्रातला पंखा आत ओढी, पंधरवड्याच्या आत त्यांची गादी बसे, आतला भाग तापे आणि काम थांबे. फॉरमॅटने काहीच दुरुस्त झाले नव्हते. ज्याने झाले, ती हवा अमृतने पावतीवर लिहिली नव्हती, आणि खोलीतला कापूस तिने वहीत.

"आज फॉरमॅट नको," ती म्हणाली. "फक्त हवा मार. माझ्यासमोर."

घरी प्रश्न जागेचा होता. तो तिच्या सासूने, चांगुणाबाईंनी, सोडवला. "माझ्या खोलीत ठेव तुझा डबा. माझी खाट वसरीला टाक."

"आत्या, थंडी आहे."

"मला गोधडी हाय. त्याला खोकला झालाय, त्याला निजव आत."

रविवारी दहाला परीक्षा सुरू झाली. बंद दाराबाहेर चांगुणाबाई बसल्या होत्या. शेजारीण लंकाबाई वेचणीहून थेट आली, तेव्हा त्यांनी तिला अंगणातच अडवले. "तिथंच थांब बाई! आदी लुगडं झटक. आत परीक्षा हाय."

साडेअकराच्या सुमारास बाण थिजल्यासारखा वाटला. मग सुकन्याच्या लक्षात आले, की घामेजला हात तिनेच माउसवरून उचलला होता. हात परत ठेवताच बाण हलला. एक वाजता पडद्यावर अक्षरे उमटली: उत्तरपत्रिका प्राप्त झाली.

"झालं का गं?" बाहेरून आवाज आला.

"झालं, आत्या."

"मधी अडला न्हाई ना?"

"एकदाही नाही."

"मग ये की भाईर. भाकर कवाची थापलीया."

सुकन्याने दार उघडले. ती सासूशेजारी उंबऱ्यावरच टेकली, आणि दोघी उन्हात बसून राहिल्या.