अण्णांचा ध्रुवावरचा वारा

गणपतअण्णा गेल्याचं मला कचेरीतच कळलं. दुपारी शोकसभा झाली आणि साहेब म्हणाले, अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. बाकी काही त्यांना आठवलं नाही... महिना झाला, अजून राग जात नाही. त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे.

अण्णा बंगलोरच्या शिवाजीनगरचे, तीन पिढ्या तिथे मुरलेल्या मराठी घरातले. मी पुण्याहून नवा आलेलो. आमच्या हवामानाच्या कचेरीत ध्रुवाकडच्या ठाण्यांवरून टपालाने तक्ते यायचे, फुगे सोडून मोजलेल्या फार उंचावरच्या वाऱ्यांचे. मी ते तपासायचो, अण्णा नक्कल करायचे. नेहमीपेक्षा फार वेगळा आकडा दिसला की तो चूक धरायचा आणि त्या जागी सरासरी लिहायची, असा नियम. नकलेत घोटाळा नको म्हणून मी तो आकडा शाईने पुरता झाकून टाकायचो. टापटिपीचा मला भारी अभिमान.

एकदा ऐन हिवाळ्यातल्या तक्त्यातला असाच एक आकडा झाकणार, तेवढ्यात अण्णा शेजारी येऊन उभे राहिले.

"कुलकर्णी, स्वल्प थांबा. वारा खरंच फिरला असेल की."

"अण्णा, तिथला हिवाळ्यातला वारा पश्चिमेचाच. हा पूर्वेचा कसा होईल?"

"काही वर्षी फिरतो, काही वर्षी नाही, असं मला वाटतं. सगळे हिवाळे ओळीनं मांडून बघायला पाहिजेत."

मी हसलो आणि शाई फिरवली. पुढची सहा वर्षं फिरवत राहिलो.

मग परदेशातलं एक नियतकालिक आलं. ध्रुवावरचा वारा काही हिवाळ्यांत उलटा फिरतो, असं त्यात आकृत्यांसह छापलं होतं. अण्णांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ठाण्यांकडून मूळ आकडे पुन्हा मागवू, म्हणून ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "आपले तक्ते चुकलेत हे आपण होऊन कशाला सांगायचं?" अण्णा कानडीत "सरी", बरं, एवढंच म्हणून बाहेर आले. पत्र गेलं नाही. मीही तिथेच उभा होतो, पण तोंड उघडलं नाही. माझी बढती जवळ आली होती.

परवा त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नीने, अक्कांनी, एक वही पुढे केली. अण्णांनी घरी बसून सगळे हिवाळे पुन्हा मांडले होते. मी झाकलेल्या दिवसांचे चौकोन मात्र कोरे... सरासरी त्यांनी कुठेच लिहिली नव्हती.

"म्हणायचे, कुलकर्णींनी झाकायच्या आधी बघितलेत की, त्यांना आठवतील," अक्का म्हणाल्या आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी तासभर बसलो. मला एकही आकडा आठवला नाही.