समाधीताईंची हजेरी

आमच्या कार्यालयाच्या तळघरात समाधीताई जुने, फाटके कागद सांधतात. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. कामाला बसल्या की बाईंची समाधी लागते. चहाची हाक शेजारच्या माझ्या खोलीत स्पष्ट येते, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उन्हाने कागद खराब होतात म्हणून त्यांच्या खोलीला खिडकी नाही. जो काय उजेड तो दिव्यांचा.

गेल्या वर्षी वीज वाचवायचं खूळ निघालं आणि प्रत्येक खोलीच्या छताला सेन्सर बसला. अंगाची ऊब त्याला लांबूनच कळते. ती इकडची तिकडे झाली की दिवे लागतात, बराच वेळ झाली नाही की विझतात. आम्हाला काही त्रास झाला नाही, कारण आम्ही खुर्चीत फार वेळ टिकतच नाही. ताईंची मात्र नुसती बोटं हलत, आणि ती सेन्सरच्या खिजगणतीतही नव्हती. दिवे सारखे जायचे. कंटाळून त्यांनी हवा येते त्या जाळीला कागदाची लांब पट्टी टांगली. पट्टी दिवसभर नाचली, पण तिला ऊब कुठली? सेन्सरने ढुंकूनही पाहिलं नाही. मी मांजर पाळायचं सुचवलं. कागदांच्या खोलीत मांजर आणू बघणाऱ्याशी ताई आठवडाभर बोलल्या नाहीत.

मग साहेबांनी त्यांना वर बोलावलं. सेन्सरच्या नोंदींप्रमाणे ती खोली निम्मा दिवस रिकामी असते, तेव्हा तिथे सामान ठेवावं आणि ताईंना चौकशीच्या खिडकीवर बसवावं, असा त्यांचा विचार होता. ताई खाली आल्या त्या रडवेल्या होऊन.

"अरे, मी दिवसभर लोकांशी बोलू काय?" त्या मला म्हणाल्या.

एरवी मी हसलो असतो. पण बाईंचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी गेलेलं. मला फार वाईट वाटलं. एकदा स्वतः येऊन बघा, अशी मी साहेबांना गळ घातली.

साहेब आले. ताई कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक तुकडा खळ लावून चिमट्याने त्याच्या जागी बसवत होत्या. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग खुर्ची ओढली, मग टेबलावर वाकले ते वाकलेलेच राहिले. मी दाराबाहेरून बघत होतो. फाटलेलं अक्षर जुळत आलं, तसा साहेबांनी श्वासच रोखून धरला.

दिवे गेले.

"हलू नका," अंधारातून ताई म्हणाल्या. "खळ ओली आहे."

साहेब हलले नाहीत.

"साहेब," मी बाहेरून म्हणालो, "नोंदीप्रमाणे आत्ता आत कुणीच नाही."

मग साहेबांनी, अगदी हलक्या आवाजात, सामानासाठी दुसरी खोली बघायला सांगितलं.

ताईंना रडू आलं असणार. पण खळ वाळेपर्यंत त्यांनी तेही थोपवून धरलं.