वारिजक्काची सुरी

कर्नाटकातल्या पुत्तूरच्या आसपास सुपारीच्या बागेत कुणाचं काही अडलं, की लोक आधी शेजाऱ्याला विचारतात, मग कृषी खात्याच्या साहेबाला. दोघांनीही डोकं खाजवलं, की ‘अडिके अंगळ’ उघडतात. अडिके म्हणजे सुपारी, अंगळ म्हणजे अंगण. ही वेबसाइट पेर्लमजलू गावच्या वारिजाक्षी गौडाची, म्हणजे वारिजक्काची. वय एकसष्ट, शिक्षण दहावी, आणि तीही दुसऱ्या खेपेला पास.

अकरा वर्षांपूर्वी बहिणीची मुलगी भव्या बंगळूरहून सुट्टीला आली होती. मावशीची बागपुराणं ऐकून ती थकली आणि म्हणाली, “दोड्डम्मा, हे सगळं तू इथे लिहीत जा. लोकांचं भलं होईल आणि आमचे कान सुटतील.” तिने वेबसाइट उघडून दिली, ती वारिजक्काने अशी काही धरली की विचारू नका.

तिचा कायदा एकच होता. हाताने केलं तेच लिहायचं. पानाच्या डोक्यावर तारीख, किती झाडांवर केलं ते, आणि फसलं असेल तर किती फसलं तेही. प्रत्येक फोटोत तिचा हिरव्या बांगड्यांचा हात असायचाच. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा तो हात. बाकी सुपारीवर लिहिणाऱ्या चकचकीत वेबसाइटी काय कमी होत्या? पण ते उंटावरून शेळ्या हाकणं. त्यातल्या निम्म्यांनी सुपारी पानाच्या गादीवरच बघितली असणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा एक औषधविक्या बाटली घेऊन दारात आला. “अक्का, चार चांगल्या ओळी लिहा, तुमचं आम्ही बघू.”

“दहा झाडांवर मारते. वर्षाने या,” वारिजक्का म्हणाली आणि त्याला गुळाची कॉफी पाजून वाटेला लावलं. तो परत आला नाही आणि ओळीही लिहिल्या गेल्या नाहीत.

अशाने नाव होतं. बाकीच्या वेबसाइटी आपल्या मजकुराखाली ‘अधिक माहितीसाठी अडिके अंगळ पाहा’ असं लिहू लागल्या. नवरा बाळप्पा गौडा पाहुण्यांना सांगायचा, “या घरात माझं मांजर ऐकत नाही, आणि हिचं तीन जिल्हे ऐकतात.” म्हणायचा कुरकुरत, पण सांगायचा प्रत्येक पाहुण्याला.

सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान होतं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुन्याचं. पावसाआधी हे मिश्रण घडांवर फवारलं नाही, तर कोवळी सुपारी कुजून टपाटपा गळते. वारिजक्काने लिहिलं होतं: पन्नास लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये एक किलो चुना, मग दोन्ही एकत्र. पंधरा-वीस वेबसाइटींनी ते जसंच्या तसं उचललं होतं.

आणि गेल्या वर्षी जूनमध्ये त्या पानाखाली एक मजकूर आला. घाटावरच्या तीर्थहळ्ळीकडचा कुणी ओबय्या. सोबत फोटो, करपून काळी पडलेली कोवळी सुपारी. खाली दोनच वाक्यं. “अक्का, तुम्ही लिहिलंय तसंच केलं. तंतोतंत.”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते ‘तंतोतंत’ वारिजक्काला दिवसभर टोचत राहिलं. जेवताना नीर दोसा ताटात तसाच राहिला.

“त्याचंच काहीतरी चुकलं असेल,” बाळप्पा म्हणाला. “चाळीस वर्षं तू हेच करतेस ना?”

“हेच करते.”

“मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या राहिलेल्या झाडांसाठी ती मिश्रण करायला बसली. मोरचूद विरघळवला, चुना कालवला, दोन्ही पिंपात ओतलं. मग भिंतीला खोचलेली सुपारी सोलायची सुरी काढली, पदरानं पुसली, पिंपात बुडवली, मिनिटभराने वर काढून पाहिली. पात्यावर तांबूस झाक होती. तिने आणखी एक ओंजळ चुना घातला आणि सुरी पुन्हा बुडवली. आता पातं स्वच्छ आलं. सुरी भिंतीला परत खोचताना तिचा हात मध्येच थांबला.

“अहो,” तिने हाक मारली, “मी आत्ता काय केलं?”

“काय केलं? सुरी बुडवली.”

“ते मी पानावर लिहिलेलंच नाही.”

सासूने पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट ती. पात्यावर तांबं चढलं तर मिश्रण जहाल झालं, कोवळी फळं पोळणार, चुना वाढव. चाळीस वर्षं हात आपोआप भिंतीकडे जात होता. या मुलखात कुणाच्याही घरी तो तसाच जातो. श्वास घेतो हे कुणी लिहितं का? तसंच झालं होतं. शिवाय तिचा चुना शिंपल्यांचा, किनाऱ्यावरून ताजा भाजून आलेला. घाटावर चुना दगडाचा असतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. पेर्लमजलूत चुना म्हणजे शिंपल्याचाच.

तिने भव्याला फोन लावला. भव्या म्हणाली, “दोड्डम्मा, इतकंच ना? ती ओळ गुपचूप बदल. कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“ओबय्याला कळलंय की.”

“एक ओबय्या. अगं, लोक तुझ्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. एकदा चुकलं म्हटलंस की प्रत्येक पानावर शंका घेतील.”

वारिजक्काला भीती वाटत होती, हे खरंच आहे. सगळं आयुष्य अमक्याची सून, तमक्याची बायको म्हणून गेलं. स्वतःच्या नावाने मिळालेली मिळकत ही एवढीच, आणि ती आपल्याच हातानं उधळायची. मग ती म्हणाली, “डोळे मिटून ठेवला, म्हणून तर त्याची सुपारी करपली.”

संध्याकाळपर्यंत पान बदललं. जुनी ओळ तिने पुसली नाही, तिच्यावर आडवी रेघ मारली. वर ठळक लिहिलं: ‘हे मी अर्धवट लिहिलं होतं. चूक माझी. तीर्थहळ्ळीच्या ओबय्यांचं त्यामुळे नुकसान झालं. फवारण्याआधी लोखंडी सुरी बुडवून पाहा. पातं तांबूस आलं तर चुना वाढवा.’ तारीख टाकली. पान उचललेल्या वेबसाइटींना एकेक करून कळवलं. सात जणांनी दुरुस्त केलं, बाकीचे ढिम्म. आठवड्याभरात वाचणारे निम्म्यावर आले. कुणीतरी लिहिलं, ‘अकरा वर्षं झोपला होता काय?’ ते तिने वाचलं आणि तसंच राहू दिलं.

पण दगडी चुना किती जास्त घालायचा, हे तिला माहीत नव्हतं. आणि केल्याशिवाय लिहायचं नाही, हा कायदा. मग पिशवीत शिंपल्याचा चुना आणि भिंतीवरची सुरी घेऊन ती ओबय्याकडे निघाली.

“सुरी घेऊन निघालीस,” बाळप्पा म्हणाला, “त्या माणसाला वाटेल, उरलेला हिशोब पुरा करायला आली.”

घाटातून बस धुक्यात चाचपडत गेली. ओबय्याच्या बायकोने, कमलीने, दारात पाणी दिलं, पण या-बसा काही म्हटलं नाही. का म्हणावं? ओबय्या पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने मुकाट्यानं पिंप आणून ठेवलं.

एक किलो मोरचूद, एक किलो त्याचा दगडी चुना. वारिजक्काने सुरी बुडवली. वर काढली तर पातं लालभडक. कमली पुढे सरकली. एक ओंजळ चुना घातला, तरी लाल. आणखी एक, जरा फिकट. वारिजक्का प्रत्येक ओंजळ तागडीत तोलत होती आणि कमली न सांगता मोजत होती. पातं स्वच्छ आलं तेव्हा जवळजवळ अर्धा किलो चुना जास्त गेला होता. शिंपल्याच्या चुन्याला मात्र एका ओंजळीत भागलं.

“चुना कधीचा आहे?” वारिजक्काने विचारलं.

“शिवरात्रीच्या वेळचा,” कमली म्हणाली. “दमट जागी ठेवू नका, जोर जातो, म्हणून मी ह्यांना सांगितलं होतं.”

“घरात सुऱ्या चार आहेत,” ओबय्या हळूच म्हणाला. “आमचे वडील बुडवायचे. मला वाटलं, तुमच्या पानावर नाही, म्हणजे आता लागत नसेल.”

वारिजक्काने हातातली सुरी खाली ठेवली. तिच्या पानानं नुसती चूक केली नव्हती, या माणसाच्या बापाची सुरीही भिंतीवरून उतरवली होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “मला माफ करा.”

“निम्मे घड वाचलेत,” ओबय्या म्हणाला. “दुसरी फवारणी बघून करू.” कमलीने तिला आत बोलावलं, ताटात गरम तांदळाची अक्की रोटी वाढली आणि वर लोणी घातलं, भरपूर.

पान तिसऱ्यांदा लिहिलं गेलं, दोन्ही चुन्यांचं, वजनासकट. या वेळी फोटोत हिरव्या बांगड्यांच्या हाताशेजारी कमलीचा हात आहे, आणि मध्ये सुरी. सगळ्यात वर एक ओळ आहे: ‘माझ्यावर नाही, पात्यावर विश्वास ठेवा.’

वाचणारे हळूहळू परतले. सगळे परतले की नाही, तिने बघितलं नाही. पुढच्या मे महिन्यात एका सकाळी ओबय्याचा फोन आला.

“अक्का, फवारणी झाली. पातं पांढरं स्वच्छ.”

“पानावर लिहिलंय तेवढाच चुना लागला ना?”

“ते कमली आता वाचतेय,” ओबय्या म्हणाला. “आम्ही आधी सुरी बुडवली.”

वारिजक्काने फोन ठेवला आणि त्या सकाळी सहा नीर दोसे खाल्ले. बाळप्पाने मोजले.